न उचलायचा फोन

माझ्यासारखी चिक्कू बाई अख्ख्या अकोल्यात सापडणार नाही, असं माझा नवरा आल्यागेल्याला सांगायचा. मला राग यायच्याऐवजी बरंच वाटायचं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं मोबाईलचं दुकान होतं. दुकान कसलं, खोलीला लोखंडी शटर लावलेलं. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे आमचा संसार. रिचार्ज, सिमकार्ड, चार्जर, प्लास्टिकची कव्हरं, आणि या सगळ्याबरोबर माझे सल्ले, जे फुकट असायचे आणि न विचारता मिळायचे.

त्या वर्षांत कापसानं माणसांचं कंबरडं मोडलं होतं. खेड्यातून आलेली माणसं दहाचं रिचार्ज असं मागायची, जसं औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवतात. मी त्यांना बसवून सांगायची. गाण्याचं बटन दाबू नका, गाणं चिकटतं आणि दर महिन्याला पैसे जातात. लॉटरी लागली म्हणणाऱ्याला 'हो' सुद्धा म्हणू नका. बायकांचे नंबर मी रिचार्जच्या वहीत लिहीतच नसे. वेगळ्या चिठोऱ्यावर लिहायचे आणि काम झालं की फाडायचे, कारण काही दुकानांच्या वह्यांतून टवाळ पोरं नंबर उतरवून घेत. थोडक्यात, फोन जपून आणि स्वस्तात कसा वापरावा यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हा गर्व मी पुष्कळ वर्षं मिरवला.

आई अंजनगाव सुर्जीला एकटी राहायची. बाबा गेल्यावर 'इकडे ये' म्हणून मी कितीदा तरी म्हटलं, पण तिला तिची दोन खोल्यांची जागा आणि अंगणातली जास्वंद सोडवत नव्हती. मग मी तिला एक जुना फोन नेऊन दिला आणि आमचा कायदा ठरवला. रोज दिवा लावला की तिनं मला एक रिंग द्यायची. दोन घंट्या वाजू द्यायच्या आणि कापायचा. याचा अर्थ, सगळं ठीक आहे. मी तो फोन उचलायचा नाही, उचलला की रुपया गेला. काही अडचण आली तर लागोपाठ तीन रिंगा द्यायच्या. तीन म्हणजे, असशील तशी निघून ये. आणि मला बोलायचं असलं तर मी आधी एक रिंग देऊन कापणार. दुसऱ्यांदा वाजला तरच तिनं उचलायचा. पहिल्यांदा वाजलेला फोन, कोणाचाही असो, उचलायचा नाही.

हे सगळं मी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तिच्या खाटेजवळच्या भिंतीला चिकटवलं. खाली आणखी एक ओळ घातली : फोन कोणाच्याही हातात द्यायचा नाही.

आईनं कागद सावकाश वाचला आणि म्हणाली, "इतके नियम त तुह्या बापानंबी नव्हते केले."

पण ती ते पाळायची. दहा रुपयांचं रिचार्ज तिला महिनोन् महिने पुरायचं, आणि मी हे गिऱ्हाइकांना उदाहरण म्हणून सांगायची.

आमच्या दुकानाशेजारी मशीद होती. आईची रिंग बहुधा अजानच्या चार-दोन मिनिटं आधी यायची, कारण तिच्या खोलीत अंधार लवकर व्हायचा आणि ती दिवा लवकर लावायची. हिवाळ्यात रिंग लवकर, उन्हाळ्यात उशिरा. घड्याळ बघायची गरजच नव्हती. दोन घंट्या वाजत, मग अजान होई, मग मी दुकानातली ट्यूबलाइट लावी. आईच्या समोर एक बांगडीवाली खाला राहायची, विधवा, आईच्याच वयाची. ती नमाज पढून आईकडे यायची आणि दोघी ओट्यावर बसायच्या. खालाजवळ फोन नव्हता. आईच्या फोनला ती 'डब्बी' म्हणायची. मी गेले की मलाच विचारायची, "डब्बीत बोलाले पैसे लागतेत, न बोलाले नाही लागत. मंग घेतली कायले?" मी हसायची.

त्या पावसाळ्याच्या शेवटी एक अफवा उठली होती. लाल अक्षरांत एक नंबर येतो म्हणे, तो उचलला की कानातून रक्त येतं आणि माणूस जागच्या जागी मरतो. कोणी म्हणे अकोटकडे एक जण गेला, कोणी म्हणे बाळापूरला. गेलेला माणूस नेहमी पुढच्याच गावचा असायचा. मी गिऱ्हाइकांना सांगायची, असं काही नसतं, हा फोन आहे, चेटूक नाही. पण खोटं कशाला बोलू, अनोळखी नंबर वाजला की माझाही हात क्षणभर थबकायचा. एक म्हातारा तर फोन फडक्यात गुंडाळून घेऊन आला आणि काउंटरवर ठेवून दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, "बाई, याले बंद करून द्या. घरात ठेवाले भेव लागते."

गुरुवारी अजान झाली आणि आईची रिंग आलेली नव्हती. मी ट्यूबलाइट लावली. एका गिऱ्हाइकाचं रिचार्ज केलं. तेवढ्यात फोन वाजला. आईचाच नंबर. एक घंटा, दोन, तीन. मग कापला गेला. मी थांबले, आणखी वाजतो का ते पाहिलं. नाही वाजला. एकच रिंग होती, म्हणजे ठीक. तीन घंट्या कशा झाल्या? म्हातारीचा अंगठा जड झाला असेल, मी स्वतःशी म्हटलं, आणि जरा वैतागलेच. असं लांबवत राहिली तर एखाद्या दिवशी चुकून उचलला जाईल.

शुक्रवारी पुन्हा तसंच. अजान होऊन दहा-पंधरा मिनिटं गेली, मग तीन घंट्या आणि शांत. मला ते आवडलं नाही. काय आवडलं नाही, हे सांगता येईना. घरी रोज येणाऱ्या माणसानं दार वेगळ्या तऱ्हेनं वाजवावं, तसं ते होतं. आतून आपण 'कोण?' म्हणतो आणि बाहेरून उत्तर येत नाही. नवऱ्याला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "रिंग आली ना? मंग झालं." नियम माझाच होता.

शनिवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत नव्हती. मी ठरवलं, आईशी बोलायचं. कायद्याप्रमाणे आधी रिंग द्यायची म्हणून नंबर लावला आणि अंगठा लाल बटनावर ठेवून बसले.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

आई पहिल्यांदा वाजलेला फोन उचलत नाही. मेली तरी उचलणार नाही, असं मीच तिला शिकवलं होतं. पलीकडे श्वास होता. ओला, ओढल्यासारखा, मध्येच अडकणारा. ओलं पोतं फरशीवरून ओढत न्यावं तसा. मी हळूच म्हटलं, "माय?" श्वास थांबला. मग त्यातून एक आवाज निघाला, घशाच्या अगदी तळातून, ज्याला ना शब्द होता ना सूर. तो वाढत गेला. बाईचा की पुरुषाचा हेही कळत नव्हतं.

मी फोन कापला.

फोनच्या पडद्यावर अकरा सेकंद दिसत होते आणि खाली रुपया कापल्याचा निरोप. आज लिहिताना लाज वाटते, पण मी तो निरोप वाचला. इतक्या भीतीतही मला त्या रुपयाचीही चुटपुट लागली होती. मग विचार सुरू झाले. फोन चोरीला गेला असेल. कोणा वेड्याच्या, दारुड्याच्या हाती लागला असेल. आणि या सगळ्याच्या मागे, मी ज्याला गिऱ्हाइकांसमोर हसायची तो लाल नंबर. तो माझ्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळची वाट बघायची ठरवली. चोराला आमची रिंग माहीत नसणार. अजान झाली. मी ट्यूबलाइट लावली नाही, अंधारातच बसून राहिले. शेजारी मशिदीतून माणसं बाहेर पडायला लागली, चपला पायात सरकवल्याचे आवाज आले, आणि फोन वाजला. एक, दोन, तीन. शांत.

मी जेवायला बसले. नवरा म्हणाला, "पाय, रिंग आली ना." मी मान हलवली. रिंग आली म्हणजे ठीक, हे मी त्या दिवशी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ताटात काय होतं ते आठवत नाही.

रविवारी दुकानात गर्दी होती. नवरा काउंटरवर, मी सिमकार्डाचे फॉर्म भरत बसलेली. अजान होऊन गेली. नमाज सुटली. फोन वाजायला लागला आणि नवऱ्यानं हसत म्हटलं, "तुह्या मायनं नमाज पढनं सुरू केलं काय? चार दिवस झाले, नमाज सुटली की रिंग येऊन राहिली."

त्याला काही म्हणायचं नव्हतं, त्यानं नुसती गंमत केली. माझ्या हातातलं पेन मात्र तसंच राहिलं. नमाज सुटली की आईकडे कोण येतं, हे मला माहीत होतं. ती रिंग आई देत नव्हती, खाला देत होती. म्हणजे चार संध्याकाळी आईनं मला 'ठीक आहे' असं सांगितलंच नव्हतं. आणि शनिवारी दुपारी माझ्या कानाशी कोण श्वास घेत होतं?

मी नंबर लावला. घंटा वाजत राहिली, वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटची गाडी निघून गेली होती. भाड्याची जीप करता आली असती. मी मनात भाड्याचा हिशोब केला आणि सकाळच्या पहिल्या एसटीवर ठेवलं. यापेक्षा सौम्य शब्दांत मला हे लिहिता येत नाही.

अकोटला गाडी बदलून अंजनगावला उतरले. आईच्या गल्लीत शिरताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की तिथे माणसंच उरली नव्हती. एका घराला कुलूप, पुढच्याला कुलूप, त्यापुढच्याला कडी आणि कडीला गंजलेली तार. कोणी सुरतला गेलं होतं, कोणी पुण्याकडे. ओट्यांवर गवत उगवलं होतं. दर खेपेला मी याच गल्लीतून जायची, कानाला फोन लावून. भर सकाळी मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता. आईची जास्वंद सुकून मान टाकून उभी होती.

खाला दारातच बसली होती. मला पाहून उठली नाही.

"आली काय," ती म्हणाली. "चार दिवसांपासून तुले रिंग देऊन राहिली मी. तू पायते अन् येत नाही. मले वाटलं, या अल्ला, कशी पोरगी हाय हे."

मी आत गेले. आई खाटेवर होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा शेजारी पडलेला. डोळे मात्र तिचेच होते आणि ते माझ्याकडे बघत होते. तिनं तोंड उघडलं. शनिवारी दुपारी मी ऐकलेला आवाज त्या तोंडातून आला.

मी खाटेच्या कडेला बसले, ती बसलेच. खाला मागून सांगत होती. गुरुवारी सकाळी आई अंगणात पडली. खालानं आणि पाणी भरणाऱ्या एका बाईनं तिला आत आणलं. डॉक्टर येऊन सुई देऊन गेला, म्हणाला लकवा आहे, अमरावतीला न्या. "मी परकी बाई. पोरीले इचारल्याबिगर कशी नेऊ? मंग हिनं डब्बी दाखवली. हे डब्बी कशी दाबे ते मी कधीमधी लवकर आली तवा पायलं होतं. हिरवं दोनदा, दोन घंट्या झाल्या की लाल. पन हिनं मले तीन बोटं दाखवली. डाव्या हाताची, अशी. म्हणून मी तीन घंट्या वाजू दिल्या. रिंग दिवा लागल्यावरचीच असते असं मले वाटे, म्हणून नमाज पढूनच देत होती. रोज हे तीन बोटं दाखवे. रोज मी तीनच वाजवल्या, एक कमी नाही का जास्त नाही."

आई चार संध्याकाळी मला 'तीन' सांगत होती, आणि मी त्या तीन मोजल्या होत्या. दुकानात बसून, बोटांवर, वैतागून मोजल्या होत्या.

"कोणाले तरी फोन लावाले सांगायचा ना, खाला," मी कसंबसं म्हटलं.

"किरानावाल्याले म्हटलं मी. तो म्हने फोन आन, त्यातच नंबर हाय. पन हे डब्बी बाहीर नेऊच देऊन नाही राहिली. हात आवयून धरे अन् भितीकडे दाखवे."

भिंतीवर माझा कागद होता. मोठ्या अक्षरांत, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावलेला. फोन कोणाच्याही हातात द्यायचा नाही. खालाला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं होतं, तिथे काही देवाधर्माचं लिहिलेलं असावं.

"परवा दुपारी मी औषधाच्या गोया आनाले गेली होती," खाला म्हणाली. "आली त डब्बी हिच्या छातीवर होती अन् डोये भरून आलते. मी इचारलं, पोरीचा फोन आलता काय? त रडाले लागली. मंग मी समजली, वाजून बंद झाला असंन. काल रातीबी वाजला, त हिनं हात लावला नाही, अन् मले उचलाले येत नाही."

मी खालाला सांगितलं नाही. तिला काय, कोणालाच सांगितलं नाही. माझ्या आईनं आयुष्यात एकदाच नियम मोडला, पहिल्या घंटेला फोन उचलला, डाव्या हातानं, कोणी नसताना. आणि तिच्या पोरीनं तो कापला.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. एवढंच म्हणाले. आईचा जीव वाचला. वाचा परत आली नाही. महिन्याभरानं मी तिला अकोल्याला आणलं आणि पडद्यामागच्या खोलीत तिची खाट टाकली. निघताना खालानं तिच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, विधवेला भरत नाहीत तरी भरल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता हिची डब्बी हिच्याजवयच ठेवजो." मी फोन आईच्या उशाशी ठेवला. नवऱ्यानं विचारलं, दहा पावलांवर तर तू बसतेस, तिला फोन कशाला? मी त्यात दहाचं रिचार्ज टाकलं.

पहिल्या संध्याकाळी मी आत जाऊन दिवा लावला आणि काउंटरवर येऊन बसले. अजान व्हायची होती. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. माझा फोन वाजला. आईचा नंबर. पडद्यामागून बांगड्यांचा बारीक आवाज आला.

एक घंटा झाली. दुसरी झाली. सवयीनं मी कापला जायची वाट बघत होते. तिसरी झाली. चौथी झाली. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, फोन वाजून राहिला तुमचा." तो वाजत राहिला. आई कापत नव्हती.

मी उचलला.

कानाशी तो श्वास आला, ओला, ओढल्यासारखा, आणि त्याच क्षणी मागच्या पडद्याआडूनही तोच श्वास ऐकू आला. त्या श्वासाची भीती मला तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत वाटत राहिली, आणि पुढची अडीच वर्षं रोज दिवा लागला की तो मी ऐकला. "माय, मी हाय," मी म्हटलं. तिनं घशातून आवाज काढला. मी तिला सांगायला लागले, आज किती रिचार्ज गेले, कोण आलं होतं, उद्या भाजी काय करू. गिऱ्हाइकं उभी राहून ऐकत होती. रुपया गेला, मग दुसरा गेला. तिच्या फोनमधलं दहाचं रिचार्ज संपून आवाज आपोआप बंद होईपर्यंत मी फोन कानाला धरून ठेवला, आणि मग काउंटरच्या खणातून नवं कार्ड काढून तिच्या नंबरावर टाकलं.